घरच्या गिटारसाठी फ्रेटबोर्ड कसा निवडायचा: वखारीपासून चिकटवण्यापर्यंत सगळं

माझी पहिली गिटार जुलैत पूर्ण झाली. बाहेर कोल्हापूरचा पाऊस धो धो चालू आणि मी आत खोलीत फ्रेटबोर्डमध्ये (नेकच्या, म्हणजे गिटारच्या दांड्याच्या, वर चिकटवलेली लाकडी पट्टी) फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या कांड्या, ठोकत बसलेलो. हातात घेतली तेव्हा नेकच्या कडा एकदम गुळगुळीत, अंगठा फिरवला तर कुठं काही लागत नव्हतं. मग आला एप्रिल. एक दिवस जी कॉर्डवरनं डी वर हात सरकवताना तर्जनीला चर्रकन कापलं, बघतो तर एकूण एक फ्रेटचं टोक कडेच्या बाहेर आलंय आणि नखानं चाचपलं की करवतीच्या दात्यासारखं लागतंय. फ्रेटचा धातू काही वाढत नाही, लाकूड आकसलं होतं. पट्टी ओली होती आणि मला कळलंच नव्हतं, कारण घेताना मी फक्त तिचा रंग बघितला होता.

त्यानंतर अजून तीन गिटारी केल्या आणि त्यात जे शिकलो ते इथं सविस्तर लिहितोय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. फ्रेटबोर्ड निवडताना लाकूड किती वाळलंय, त्याच्या रेषा कशा धावतायत आणि पट्टी सरळ आहे का, हे तीन प्रश्न पहिले. मग लाकूड किती कडक आहे ते. लाकडाचं नाव त्याच्यानंतर, आणि आवाज सगळ्यात शेवटी. आवाज शेवटी का, तर दाबलेली तार धातूच्या फ्रेटवर टेकते, लाकडावर टेकत नाही. शिसवी आणि मेपलच्या आवाजातल्या फरकावर लोक तासन् तास बोलतात, पण माझ्या कानाला तारा बदलल्यावर जेवढा फरक कळतो त्याच्या पाव पण तिथं कळलेला नाही. उलट वाकलेली पट्टी मात्र पहिल्याच कॉर्डला कळते.

वखारीत जायच्या आधी: स्केल ठरवा

स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या तुकड्यावर टेकतात तो) ब्रिजपर्यंत (गिटारच्या अंगावर तारा जिथं टेकतात तो भाग) तारेची वाजणारी लांबी. हे ठरल्याशिवाय लाकूड घ्यायला जाऊच नका कारण पट्टीची लांबी यावरच ठरते. फेंडरच्या इलेक्ट्रिक गिटारींची स्केल साधारण ६४८ मिमी म्हणजे साडेपंचवीस इंच असते, गिब्सनची त्यापेक्षा थोडी कमी, ६२८ च्या आसपास, आणि नायलॉन तारांच्या क्लासिकलची ६५०. पहिल्या गिटारला मी ६४८ च घ्या म्हणेन, कारण तयार पार्ट, तारांचे सेट, मोजमापं सगळं त्या हिशोबात सहज मिळतं.

आता फ्रेटच्या जागा. आपल्या शेजारी मिरजेत सतारी बनतात, तिथल्या सतारीचा पडदा दोऱ्यानं बांधलेला असतो, सूर हलला की वादक तो बोटानं जरासा सरकवतो आणि काम झालं. गिटारची फ्रेट लाकडात ठोकलेली, ती एकदा बसली की बसली, म्हणून इथं हिशोब पक्का पाहिजे. हिशोब सोपा आहे. स्केलला १७.८१७ ने भागायचं, येईल तो आकडा म्हणजे नटपासून पहिल्या फ्रेटचं अंतर. उरलेल्या लांबीला परत १७.८१७ ने भागायचं, ती दुसरी. असं करत जायचं. ६४८ च्या स्केलला पहिली फ्रेट ३६.३७ मिमीवर येते, दुसरी ७०.७०, तिसरी १०३.१०, पाचवी १६२.५५, सातवी २१५.५१, बारावी बरोब्बर निम्म्यावर म्हणजे ३२४ ला आणि बावीसावी ४६६.१६ ला. बारावी निम्म्यावर आली नाही तर हिशोब चुकला समजा आणि पहिल्यापासून करा.

जुन्या काळी १८ ने भागायचे. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेंझो गॅलिली स्वतः ल्यूट वाजवायचे, त्यांनी १५८१ मध्ये हाच १८ चा हिशोब मांडला होता. पण १८ ने भागलं तर ६४८ च्या स्केलला बारावी फ्रेट ३२१.६ ला येते, जवळजवळ अडीच मिमी अलीकडे. अजूनही कुणी कुणी "अठराचा भाग दे" असं सांगतं, ते ऐकू नका.

आणि मोजताना प्रत्येक फ्रेटचं अंतर नटपासूनच मोजायचं, एका फ्रेटवरनं दुसरीवर उड्या मारत जायचं नाही. प्रत्येक उडीला केसभर चूक झाली तरी बाराव्या फ्रेटपर्यंत त्या सगळ्या चुका साठतात. बाराव्यावर अर्धा मिमी चुकला तर सूर साधारण पावणेतीन सेंट हलतो (एका फ्रेटमध्ये १०० सेंट असतात), तेवढं चालून जातं, पण बावीसाव्यावर तोच अर्धा मिमी पावणेपाच सेंटला जातो आणि दोन मिमी चुकलं तर कुठल्याही ट्यूनिंगनं ते सुधारत नाही.

यावरनं मापं काढा. २२ फ्रेटची पट्टी तयार झाल्यावर ४७५ ते ४८० मिमी लांब होते. रुंदी नटजवळ ४२-४३ मिमी, शेवटच्या फ्रेटजवळ ५६-५७. क्लासिकल करत असाल तर नटजवळ ५२. जाडी सव्वासहा मिमी, म्हणजे पाव इंच, म्हणजेच सुताराच्या भाषेत दोन सूत. वखारीत मिमी बोलू नका, सूत बोला, पटकन कळतं. कच्ची पट्टी घेताना ५२० लांब, ७० रुंद आणि तीन सूत जाड तरी घ्या, कारण रंधा मारून सरळ करण्यात एक सूत सहज जातं.

कोणतं लाकूड

आपल्याकडचा राजा शिसव. जगभर ज्याला इंडियन रोझवूड म्हणतात ते हेच, आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात वाढणारं झाड. उत्तरेकडचं शीशम हा त्याचा भाऊबंद आहे पण वेगळा, रंगानं जास्त तपकिरी आणि थोडा कमी कडक. फर्निचरच्या दुकानात दोन्हीला एकच नाव देऊन मोकळे होतात म्हणून विचारून घ्या. शीशम वाईट नाही, नीट वाळलेलं असलं तर फ्रेटबोर्ड चांगला होतो.

कडकपणाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. लाकडात ११.२८ मिमीचा पोलादी गोळा निम्मा रुतवायला किती जोर लागतो ते मोजतात, त्याला जान्का म्हणतात. साधारण आकडे असे: साग १०७०, हार्ड मेपल १४५०, शिसव २४४०, आफ्रिकन एबनी ३०८०, सगळे पाउंडात. स्टीलच्या तारा आणि नखं वर्षानुवर्षं लाकडावर घासणार, म्हणून १४०० च्या वरचं काहीही मला चालतं.

मग साग? सगळे विचारतात कारण सगळ्यांच्या घरात सागाचा एखादा तुकडा पडलेला असतो. साग हलत नाही, हा त्याचा मोठा गुण, ओल कमी-जास्त झाली तरी मापात राहतो. पण मऊ आहे, स्टीलच्या तारांनी पहिल्या तीन फ्रेटमध्ये खळगे पडतात. नायलॉन तारांच्या गिटारला बिनधास्त वापरा. स्टीलला वापरायचाच असेल तर फ्रेट जरा उंच घ्या म्हणजे बोट लाकडापर्यंत पोचतच नाही.

टेंभुर्णीचा आतला काळा गाभा म्हणजे आपल्याकडचा एबनीच, त्याच कुळातला, ज्याच्या पानांच्या विड्या वळतात तेच झाड. पण सलग ५२० मिमी काळी पट्टी निघेल एवढा गाभा क्वचित सापडतो आणि वाळताना फार तडकतो. मिळाला तर घ्या, शोधत वर्ष घालवू नका. बाभूळ चांगली कडक, बैलगाडीची चाकं आणि शेतीची अवजारं उगाच बाभळीची करत नव्हते, फक्त बाहेरचा फिकट भाग काढून टाका, भुंगा त्यात लागतो. चिंचेचं लाकूड खाटकाच्या ठोकळ्याला वापरतात एवढं चिवट, पण रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, रंधा मारताना चिंधड्या निघतात, पहिल्या गिटारला नको. खैर दगडासारखा पण तडे फार. आंबा विसरा, फार मऊ.

मेपल दिसायला छान पण ते बाहेरनं येतं आणि त्याला वरनं लॅकर मारावाच लागतो, नाहीतर हाताच्या घामानं काळं पडतं. शिसव आणि एबनीत स्वतःचं तेल असतं, त्यांना वरनं काही लावलं नाही तरी चालतं. घरी करणाऱ्याला हा मोठा फायदा आहे, एक अख्खं काम वाचतं.

अजून एक वस्तू आहे जिचा विचार कमी लोक करतात, हायलम शीट. इलेक्ट्रिकच्या पॅनेलला वापरतात ती, कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये दाबून केलेली. परदेशातल्या मोठ्या कंपन्या रिचलाइट नावाचा फ्रेटबोर्ड वापरतात तोही याच जातीचा, कागद आणि रेझिन. लाकडाच्या मानानं पावसाळ्यात फारच कमी हलते. सहा मिमीची शीट मिळते, विचारणा करायची तर आपलं कोल्हापूरचं उद्यमनगर. पण कापताना हत्याराची धार खाते, धूळ वाईट असते आणि हाताला लाकडाची ऊब लागत नाही. मी एक केली, वाजते उत्तम, तरी परत शिसवीकडेच आलो.

वखारीत पट्टी कशी बघायची

टिंबर मार्केटला गेलात की लक्षात ठेवा, तिथं हिशोब घनफुटाचा असतो आणि तुम्हाला लागणारी पट्टी घनफुटाचा ऐंशीवा भाग पण नाही. म्हणून कटपीस मागायचे, शक्यतो दुपारी, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. मी ज्या वखारीत जातो तिथं एक म्हातारे सुतारमामा कायम बसलेले असतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी ढिगातनं एक पट्टी उचलली, जांभळ्या-काळ्या नागमोडी नक्षीची, बघूनच जीव गेला होता तिच्यावर. मामांनी विचारलं, "कशाला पायजे?" म्हटलं, "मामा, गिटारची पट्टी करायची." त्यांनी ती माझ्या हातातनं घेतली, उभी धरली, टोकाकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "नक्षी पाटाला घे. पट्टीला हितं बघायचं."

टोकाकडं म्हणजे जिथं लाकूड आडवं कापलंय तिथं. तिथं वाढीच्या रेषा दिसतात. त्या रेषा पट्टीच्या रुंद बाजूला उभ्या, म्हणजे काटकोनात असतील तर ती पट्टी उत्तम. आडव्या किंवा चंद्रकोरीसारख्या वाकलेल्या असतील तर ती पट्टी पावसाळ्यात पन्हळीसारखी वळणार. कारण साधं आहे, लाकूड या रेषांना आडवं जेवढं आकसतं त्याच्या साधारण दुप्पट रेषेच्या दिशेनं आकसतं. नक्षीदार तुकडे बहुतेक वेळा आडव्या रेषांचेच असतात, म्हणून तर नक्षी दिसते. माझी ती पहिली पट्टी तशीच होती, मामांचं ऐकलं नव्हतं मी. ओली तर होतीच, वर आडव्या रेषांची.

मग पट्टी रुंद बाजूनं समोर धरा आणि लांबीच्या रेषा बघा. त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टीच्या कडेला समांतर जायला पाहिजेत. मधेच तिरप्या होऊन कडेतनं बाहेर पडत असतील तर तिथं रंधा अडकेल, फ्रेट ठोकताना कपचा निघेल. गाठ असेल तर सरळ खाली ठेवा, गाठीवर फ्रेट बसत नाही.

आता एक डोळा मिटून बंदुकीसारखं टोकापासून टोकापर्यंत बघा. बाक थोडा असला तर रंध्यानं जातो. पीळ असला तर नाही जात, गेला तरी परत येतो. पीळ बघायला मी खिशात ॲल्युमिनियम चॅनेलचे एक-एक फुटाचे दोन तुकडे ठेवतो, पट्टीच्या दोन टोकांवर आडवे ठेवायचे आणि मागनं बघायचं, दोन्हीच्या वरच्या कडा एका रेषेत दिसल्या की पीळ नाही. वखारीतली माणसं पहिल्यांदा बघत राहतात, नंतर स्वतःच मागून घेतात.

शेवटी थिनर किंवा स्पिरिटचा बोळा फिरवा. ओलं झाल्यावर खरा रंग तर दिसतोच, पण बारीक तडे असतील तर बाकीचं वाळल्यावर तडा काळ्या केसासारखा ओला राहतो. पाणी वापरू नका. आणि बोटाच्या पेरानं ठोकून बघा, दोन बोटांत वरच्या पावभागावर सैल धरून मधोमध टकटक केलं की चांगलं वाळलेलं शिसव जवळजवळ घंटीसारखं बोलतं, ओलं किंवा तडकलेलं लाकूड थपथप करतं.

जुनं लाकूड मिळालं तर सोडू नका. जुने वाडे, घरं पाडतात तिथलं सामान विकणारे असतात, मोडलेल्या पलंगाच्या पट्ट्या, कपाटाच्या फळ्या, जुने पाट. पन्नास-साठ वर्षं घरात राहिलेलं शिसव म्हणजे पन्नास-साठ पावसाळे बघितलेलं लाकूड, त्याला जे वळायचं ते वळून झालेलं असतं. माझी तिसरी गिटार अशीच, आजोळच्या मोडक्या पलंगाच्या आडव्या पट्टीची. वरचं काळं पडलेलं पॉलिश रंध्यानं काढलं तशी आतनं जांभळट तपकिरी झाक निघाली आणि खोलीभर तो गोडसर वास सुटला, एवढ्या वर्षांनी सुद्धा. आई बघायला आली आणि एक किस उचलून वास घेत उभी राहिली. फक्त जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवा, आत तुटलेला खिळा असला तर रंध्याचं पातं गेलंच म्हणून समजा.

जंगलातनं कुणी आणून देतो म्हणालं तर घेऊ नका. पावतीचंच लाकूड घ्या. शिसवीच्या सगळ्या जातभाईंवर जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातनं बरीच सूट मिळाली, पण कच्च्या लाकडाला नाही. उद्या गिटार कुणाला परदेशात द्यायची झाली तर ही पावती जवळ असलेली बरी.

वाळलंय की नाही, तराजूला विचारा

ही पायरी लोक टाळतात आणि मीही टाळली होती. मॉइश्चर मीटर असला तर छान, नसला तर स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पुरतो. पट्टी आणली की दोन्ही टोकांना फेविकॉलचा किंवा मेणाचा जाड थर द्या, टोकातनं ओल पटकन जाते आणि तिथंच तडे पडतात म्हणून. मग तिच्यावर पेन्सिलीनं तारीख आणि वजन लिहा. ५०० बाय ७० बाय ९ मिमीची वाळलेली शिसवी पट्टी साधारण २५० ते २७५ ग्रॅम भरते. तुमची सव्वातीनशे-साडेतीनशे भरली तर ती ओली आहे.

खाली-वर हवा लागेल अशी दोन बारीक काठ्यांवर आडवी ठेवायची, उन्हात नाही, गॅसजवळ नाही, माळ्यावर पण नाही कारण पत्र्याखाली फार तापतं. ज्या खोलीत गिटार राहणार त्याच खोलीत. दर रविवारी वजन करायचं. एवढ्या पट्टीत दोन-सव्वादोन ग्रॅम म्हणजे साधारण एक टक्का ओल. लागोपाठ तीन-चार आठवडे काटा एका ग्रॅमच्या आत स्थिर राहिला की पट्टी तयार. नवीन लाकडाला यात तीन महिने पण जातात आणि वर्ष पण.

फक्त एक लक्षात घ्या, कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवाच एवढी ओली असते की काटा पावसाळ्यात पण स्थिर दाखवेल, पण ते पावसाळ्यापुरतं स्थिर. म्हणून खाचा आणि चिकटवणं दिवाळीनंतर ते होळीपर्यंत उरकायचं. लाकूड त्या वेळी जरा कोरड्या बाजूला असतं. पुढच्या पावसात ते केसभर फुगेल, त्यानं काही बिघडत नाही. ओल्या दिवसात केलं तर उन्हाळ्यात आकसतं, मग माझ्या पहिल्या गिटारसारखं बोट कापतं. आणि नेकचं लाकूड पण तेवढंच वाळलेलं पाहिजे, वाळलेली पट्टी ओल्या नेकवर चिकटवली तर दोघं मिळून वाकतात.

खाचा: तयार की स्वतः

खाच पाडलेला तयार फ्रेटबोर्ड ऑनलाइन मिळतो. वेळ कमी असेल, हत्यारं नसतील तर घ्या, काही कमीपणा नाही त्यात. पण घेताना स्केल नीट विचारा, आल्यावर नटपासून बाराव्या फ्रेटचं अंतर स्वतः मोजा, दुप्पट केलं की स्केल कळते. आणि तो पण महिनाभर तुमच्या खोलीत राहू द्या, वजन करत.

स्वतः करणार असाल तर खाचेची रुंदी साधारण ०.६ मिमी पाहिजे. फ्रेटच्या तारेला खाली जी जीभ असते तिच्या काट्यांनी लाकूड पकडायचं असतं, खाच रुंद झाली तर फ्रेट उचलते, अरुंद झाली तर बावीस फ्रेट बावीस पाचरींसारख्या काम करतात आणि पट्टी मागं वाकते. साधं हॅक्सॉ ब्लेड जाडीला साधारण तेवढंच असतं पण त्याचे दाते डावीकडं-उजवीकडं वळवलेले असतात त्यामुळं खाच रुंद पडते. ब्लेड सपाट तेलदगडावर दोन्ही बाजूंनी घासून ते वळण कमी करायचं आणि टाकाऊ शिसवीवर एक खाच पाडून फ्रेट बसवून बघायची. बोटानं अर्धवट शिरते, पुढं हातोडीचा हलका ठोका लागतो, असं बसलं की बरोबर.

खाचेच्या जागांसाठी माझा सल्ला, कोल्हापुरात आहात तर कोल्हापूरचा फायदा घ्या. लेझर कटिंगवाल्याकडनं ३ मिमी ॲक्रिलिकची एक पट्टी कापून घ्या, तिच्या कडेला प्रत्येक फ्रेटच्या जागी ३ मिमीचा कट. मायटर बॉक्सच्या (करवत सरळ चालवायची खाचांची पेटी) तळाला ३ मिमीची पिन बसवायची, टेम्प्लेट दुहेरी टेपनं फ्रेटबोर्डच्या खाली चिकटवायची, एक-एक कट पिनवर अडकवत करवत चालवत जायची. मोजण्याची चूक होण्याची जागाच राहत नाही. ड्रॉइंग द्यायच्या आधी बाराव्या फ्रेटचा आकडा परत एकदा तपासा. आणि खाचा पट्टी चौकोनी असतानाच पाडायच्या, निमुळती नंतर करायची, कारण गुण्या लावायला सरळ कड लागते.

शिसवीची धूळ घशाला आणि कातडीला त्रास देते, काहींना चांगलीच ॲलर्जी होते. एन ९५ मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा.

गोलाई

फ्रेटबोर्डचा वरचा भाग किंचित गोल असतो, ज्या वर्तुळाचा तो तुकडा त्याची त्रिज्या इंचात सांगतात. जुन्या फेंडरला सव्वासात इंच, म्हणजे जास्त गोल, बार कॉर्डला (एकाच बोटानं सगळ्या तारा दाबायच्या) आरामदायक पण तारा खाली ठेवून ताण मारला, म्हणजे तार आडवी ओढली, की सूर मरतो. गिब्सनला १२ इंच. क्लासिकल सपाट. मी १२ च सांगेन, दोन्ही कामं होतात.

५६ मिमी रुंदीला १२ इंचाची गोलाई दिली की कडा मध्यापेक्षा साधारण १.३ मिमी खाली जातात. म्हणजे खाच अडीच मिमी खोल पाडली असली तरी कडेला ती सव्वा मिमीच उरते आणि फ्रेटची जीभ तिथं टेकते, टोकं उचललेली राहतात. म्हणून गोलाई दिल्यावर प्रत्येक खाच कडेला परत खोल करायची, तोच ब्लेड घेऊन, तळाला गोलाई देत. हे विसरून कितीतरी जण फ्रेटची टोकं का बसत नाहीत म्हणून ग्लू टाकत बसतात.

चिकटवणं

शिसवीतलं तेल ग्लू धरू देत नाही. चिकटवायच्या अगदी आधी खालची बाजू १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं ताजी करायची, ॲसिटोनचा बोळा फिरवायचा, उडून गेलं की लगेच ग्लू. पाण्याचा ग्लू, मग तो फेविकॉल असो की टाइटबॉन्ड, पट्टीच्या खालच्या बाजूला ओल देतो आणि ती धनुष्यासारखी वळायला बघते. साध्या फेविकॉलचा अजून एक त्रास म्हणजे कायम ताणाखाली तो हळूहळू सरकतो. मी हल्ली ॲराल्डाइट वापरतो, सावकाश वाळणारं, पाच मिनिटांचं नको. त्यात पाणीच नसतं. ट्रस रॉडच्या (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) चरात मात्र तो जाऊ देऊ नका, चरावर कागदी टेप लावून ग्लू पसरवायचा आणि पट्टी ठेवायच्या आधी टेप काढायची.

ग्लू लागल्यावर पट्टी साबणासारखी घसरते. त्यासाठी कोरडी असतानाच, पहिल्या आणि बाराव्या खाचेत, दीड मिमीचं एक-एक भोक नेकपर्यंत पाडून ठेवा आणि चिकटवताना त्यात ड्रिल बिट उलटं खोचा, शिकंजे आवळले तरी जागा सोडत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी बिट काढून घ्या, नाहीतर तेही कायमचं तिथंच. वरनं सपाट लाकडी ठोकळा, त्यावर सहा-सात सी क्लॅम्प, मधल्यापासून कडेकडं आवळत.

चोवीस तास हात लावायचा नाही. क्लॅम्प काढल्यावर स्टीलची फूटपट्टी उभी धरून मागं बॅटरी लावा आणि खालनं उजेड कुठं येतोय ते बघा. पहिल्या दिवशी थोडा बाक दिसला तर लगेच घासायला घेऊ नका. आठवडाभर नेक खुंटीला टांगून ठेवा, परत बॅटरी लावा, मग जेवढा उजेड दिसेल तेवढंच घासून काढा आणि त्यानंतरच पहिली फ्रेट ठोकायला घ्या.